चामड्याचे जॅकेट आणि सात पोस्टकार्डे

जानेवारी २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सेंच्युरियनच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धची पाचवी कसोटी पावसात वाहून गेल्यात जमा होती. पहिल्या दिवशी थोडाफार खेळ झाला आणि पुढचे तीन दिवस एकही चेंडू पडला नाही. मालिका यजमानांनी आधीच जिंकलेली होती. अखेरचा दिवस हा निव्वळ उपचार होता. अशा वेळी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेन याच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. दोघांनीही आपला एकेक डाव सोडून द्यावा आणि मैदानावर आलेल्या प्रेक्षकांना निकाली सामना पाहू द्यावा, असा तो प्रस्ताव होता. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात तोपर्यंत कोणी डाव सोडून दिलेला नव्हता. इंग्लंडपुढे २४९ धावांचे लक्ष्य आले आणि त्यांनी ते दोन गडी राखून गाठले. क्रोनिए सामना हरला, पण त्याच्या उमदेपणाची वाखाणणी झाली. काही जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली, तरी सामान्य क्रिकेटप्रेमींना हा माणूस हरण्याचा धोका पत्करून खेळ जिवंत ठेवणारा वाटला.

पाच महिन्यांनी, जून २००० मध्ये, केपटाऊन येथे न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगासमोर त्या उमदेपणाची किंमत उघड झाली. सामना अनिर्णित राहू नये यात एका सट्टेबाजाचे हित होते. कर्णधाराला त्याबद्दल सुमारे ५०,००० रँड आणि पत्नीसाठी एक चामड्याचे जॅकेट मिळाले होते.

क्रोनिएच्या प्रकरणात याहून मोठ्या रकमा आहेत. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे त्याच्यावर आरोप ठेवले. त्याने आधी साफ इन्कार केला आणि चारच दिवसांत आपण प्रामाणिक वागलो नाही, अशी कबुली आपल्या क्रिकेट मंडळाला दिली. सट्टेबाजांकडून वर्षानुवर्षे घेतलेल्या पैशांचा हिशेब आयोगासमोर लाखाहून अधिक डॉलरपर्यंत गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. हे सारे सर्वांना ठाऊक आहे आणि आज कोणी त्याने दचकतही नाही. मला मात्र या साऱ्या रकमांपेक्षा ते जॅकेट अधिक गंभीर वाटत आले आहे. लोभापायी एखादा सामना विकला जातो तेव्हा खेळाची हानी होते. परंतु औदार्याचा आव आणून तो विकला जातो तेव्हा औदार्याचीच पत नाहीशी होते. त्याची झळ प्रौढांना फारशी लागत नाही, कारण जगातील सौजन्याकडे आपण बरेचदा डोळे बारीक करूनच पाहत असतो. ती लागते लहान मुलांना.

तेव्हा मी नागपुरात राहत असे. आमच्या शेजारी अकरा वर्षांचा एक मुलगा होता. वर्गातील इतर मुले सचिन आणि सौरवच्या चित्रांवर जीव टाकत असताना या पठ्ठ्याने मात्र आपल्या खोलीत क्रोनिएचे चित्र लावले होते. त्याचे कारण मजेशीर होते. १९९९ च्या विश्वचषकात होव्ह येथे भारताविरुद्धच्या सामन्यात क्रोनिए कानात यंत्र बसवून मैदानात उतरला होता आणि प्रशिक्षक बॉब वूल्मर बाहेरून त्याच्याशी बोलत होते. सामनाधिकाऱ्यांनी ते यंत्र काढायला लावले, परंतु आमच्या गल्लीत ते पुढे वर्षभर वापरात राहिले. कानात कापसाचा बोळा, त्याला बांधलेला दोरा सदऱ्याच्या खिशात, आणि खेळाडूंना गंभीर चेहऱ्याने इकडून तिकडे हलवणारा हा आमचा कर्णधार! शिस्तीचा, शांत, हरल्यावर आदळआपट न करणारा माणूस म्हणून त्याला तो परदेशी खेळाडू आवडत असे. १९ मार्च २००० रोजी नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना झाला, तेव्हा तो वडिलांबरोबर उन्हात बसून तो पाहून आला होता. हर्शेल गिब्जच्या ७४ धावांना आपण कसे उभे राहून टाळ्या वाजवल्या, हे त्याने मला किमान चार वेळा सांगितले असेल.

पुढे उघड झाले ते असे की, नेमका हाच सामना सौद्यात होता. गिब्जने २० पेक्षा कमी धावांत बाद व्हावे, हेन्री विल्यम्सने गोलंदाजी करताना ५० हून अधिक धावा द्याव्यात आणि संघाने २७० च्या पुढे जाऊ नये, असे कर्णधाराने ठरवले होते. दोन्ही खेळाडूंना प्रत्येकी १५,००० डॉलर मिळायचे होते आणि दोघांनी होकारही दिला होता. प्रत्यक्षात गिब्ज खेळू लागला आणि खेळतच राहिला, विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच षटकात दुखावला आणि संघाने ३२० धावा केल्या. सौदा फसला. तरीही दोघांना सहा महिन्यांची बंदी भोगावी लागली, आणि ते योग्यच होते.

एप्रिलमध्ये पहिली बातमी आली तेव्हा मुलाने ती मानली नाही. पोलिसांची चूक असेल, आवाज दुसऱ्याचा असेल, असे तो ठामपणे सांगत असे. कबुलीनंतर तो गप्प झाला. जूनमध्ये सेंच्युरियनची हकिगत छापून आली आणि मग त्याने चित्र उतरवले. फाडले नाही. मध्यमवर्गीय घरातील मूल ते. शाळा सुरू होण्याचे दिवस होते, चित्राचा कागद चांगला जाड होता. त्याने ते उलटे करून भूगोलाच्या पुस्तकाला वेष्टण म्हणून घातले.

या काळात घरातील मोठ्या माणसांनी त्याला काय सांगितले, हे मी स्वतः ऐकले आहे. वडील म्हणाले, “सगळे तसलेच असतात. आज हा सापडला, उद्या दुसरा.” आलेल्या काकांनी संधी साधून अभ्यासाचा विषय काढला. आजोबांनी सांगितले की, शेवटी तो परका; आपली माणसे असे करणार नाहीत. तिन्ही वाक्ये प्रेमापोटीच उच्चारली गेली होती. पहिल्या वाक्याने मुलाच्या हातातील उरलेसुरलेही काढून घेतले आणि दुसऱ्याने त्याचे दुःख हा वेळेचा अपव्यय ठरवला. आजोबांचा दिलासा तर वर्षअखेरपर्यंतही टिकला नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल आला आणि डिसेंबर २००० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महंमद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजन्म, तर अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. यांपैकी प्रभाकर हे तर काही महिन्यांपूर्वी इतरांवर आरोप करीत पुढे आले होते. जडेजांवरील बंदी २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि अझरुद्दीन यांच्यावरील बंदी २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, हेही नोंदवलेच पाहिजे. परंतु ज्यांना या प्रकरणात देश, प्रांत वा पंथ यांची सोयीची रेषा ओढायची होती, त्यांना त्या यादीने तशी सोय ठेवली नाही.

मुलाचा प्रश्न मात्र वेगळाच होता आणि तो घरात कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो कळला एका दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात. जुलैच्या आरंभी त्याने कोणालाही न विचारता एक पत्र पाठवले आणि संपादकांनी ते, त्या काळच्या रीतीप्रमाणे, पूर्ण पत्त्यासह छापले. पत्र जेमतेम सहा-सात ओळींचे होते. सेंच्युरियनचा सामना झाला तेव्हा आमच्या सरांनी वर्गात सांगितले होते की, खिलाडूवृत्ती म्हणजे काय ते या कर्णधाराकडून शिका. आम्ही ते वहीत लिहून घेतले आहे. मग आता सरांनी शिकवलेले चुकीचे आहे का, आणि वहीतले ते खोडायचे का? असा त्या पत्राचा आशय होता.

एका खेळाडूने फसवले, याचे त्याला दुःख होतेच. परंतु त्याहून खोल अशी एक शंका त्याच्या मनात रुजली होती. कोणी काही लाभ नसताना चांगले वागते, हे मुळात खरे असते का? चांगुलपणा दिसला की त्याच्या मागे कुठेतरी जॅकेट शोधायचे असते का? अकराव्या वर्षी ही शंका पक्की झाली, तर पुढे त्या माणसाला मित्र मिळणे कठीण, गुरू मिळणे कठीण आणि समाजासाठी चार पावले चालणे तर त्याहून कठीण. ज्याला निरपेक्ष कार्यावर विश्वास नाही, त्याच्यापुढे सेवेची, त्यागाची कितीही व्याख्याने झाली तरी तो मनातल्या मनात विचारणार, की या वक्त्याला यातून काय मिळते?

या शंकेचे निरसन आईवडिलांकडून होऊ शकत नाही. त्यांचे प्रेम मुलाने गृहीत धरलेले असते. ती माणसे आपलीच असतात, त्यांनी चांगले वागण्यात त्याला नवल वाटत नाही. शिक्षकांकडूनही होत नाही, कारण इथे त्यांचाच शब्द पणाला लागला होता. त्यासाठी अनोळखी माणूसच लागतो.

पत्र छापून आल्यानंतर पंधरवड्यात त्या मुलाच्या नावाने सात पोस्टकार्डे आली. त्यांतील एक उन्हाळी शिकवणी वर्गाचे होते आणि त्यात शुल्काचा दर दिला होता. अशी माणसे कुठेही वेळेवर पोहोचतात. उरलेली सहा मी वाचली आहेत.

अमरावतीच्या एका निवृत्त गृहस्थांनी पूर्वी स्थानिक सामन्यांत गुणलेखकाचे काम केले होते. एका सामन्यात पंचांनी नाबाद दिलेला फलंदाज, चेंडू बॅटला लागला होता असे स्वतःच सांगून ४८ धावांवर तंबूत परतला, एवढेच त्यांनी लिहिले होते. त्याने अर्धशतकही घालवले आणि त्याचा संघही हरला; वर्तमानपत्रात ते आले नाही, पण वही माझ्याकडे आहे, कधी आलास तर दाखवीन. यवतमाळ जिल्ह्यातील एका एसटी वाहकाने उलट बाजूने लिहिले. तरुणपणी त्याने जमिनीला टेकलेला झेल पकडल्याचे सांगितले होते आणि समोरच्याला बाद दिले गेले होते; त्या माणसाचे नाव मला आजही आठवते, असे त्याने कळवले होते. हिंगणघाटच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याने कार्डावर फक्त इतकेच लिहिले की, मी वेगळे पार्सल पाठवतो आहे. आठ दिवसांनी यष्टिरक्षकाचे जुने हातमोजे आले. ते त्या मुलाच्या कोपरापर्यंत येत. चंद्रपूरच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत सरावाला बोलावले. एका कार्डावर नाव नव्हते, केवळ क्षेत्ररक्षणाची एक आकृती काढली होती आणि खाली ‘गल्लीत वापरून पाहा’ असे लिहिले होते.

सहावे वर्ध्याच्या एका वृद्ध बाईंचे होते. अक्षर थरथरते, ओळी वर चढत गेलेल्या. आपल्याला क्रिकेटमधले काही कळत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. पुढे लिहिले होते की, तुझ्या सरांनी सांगितले ते खरेच होते, खोटा निघाला तो माणूस. वहीतले खोडू नकोस, फक्त त्याचे नाव तेवढे काढ.

सहाजणांपैकी कोणीही त्याला ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ असे म्हटले नव्हते. कोणी जगाचा अनुभव सांगितला नव्हता. कोणी कोणाला ओळखत नव्हते आणि त्या कार्डांतून कोणाला काहीही मिळणार नव्हते. मला वाटते, मुलाने नेमके हेच मोजले. त्याने प्रत्येकाला उत्तर लिहिले; शिकवणी वर्गाला लिहिले नाही. वहीत त्याने काय केले, हे मी विचारले नाही.

क्रोनिएचे चित्र मात्र भिंतीवर परत गेले नाही, आणि ते जावे असेही मला कधी वाटले नाही. १ जून २००२ रोजी जॉर्ज शहराजवळच्या डोंगरात मालवाहू विमान कोसळून क्रोनिए मरण पावला, तेव्हा तो अवघ्या ३२ वर्षांचा होता. दूरचित्रवाणीवर ती बातमी सुरू असताना हा मुलगा शेवटपर्यंत समोर बसून राहिला, असे त्याच्या आईने सांगितले. त्याच्या देशबांधवांनी तर २००४ मध्ये एका दूरचित्रवाणी मतदानात क्रोनिएला देशाच्या थोर व्यक्तींमध्ये अकरावे स्थान दिले. ही क्षमाशीलता होती की विस्मरण, याचा निर्णय त्यांनी करावा. मृताविषयी दुःख वाटणे आणि त्याचे चित्र न लावणे, या दोन्ही गोष्टी एका तेरा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी साधल्या. आपल्याकडील कित्येक समालोचकांना त्या आजही साधत नाहीत.

असे प्रसंग त्यानंतरही आले आहेत आणि प्रत्येक पिढीतील मुलांच्या वाट्याला ते येणारच. मे २०१३ मध्ये आयपीएलमधील तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी अटक केली. मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी घासकागदाने चेंडू खरवडला आणि कर्णधार स्टीव्ह स्मिथ सिडनीच्या विमानतळावर पत्रकारांपुढे रडला. त्याच्या खांद्यावर त्या वेळी वडिलांचा हात होता. एप्रिल २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये सामना हरून परतताना ख्रिस्तियानो रोनाल्डोने एका शाळकरी मुलाच्या हातातील फोन फटका मारून खाली पाडला. त्याने समाजमाध्यमावर दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे त्याला ५०,००० पौंडांचा दंड व दोन सामन्यांची बंदी झाली. क्षणिक संतापाची ही गोष्ट आणि सेंच्युरियनचा थंड डोक्याने केलेला सौदा यांना मी एका पंक्तीत बसवत नाही. परंतु तारांकित खेळाडूंच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, त्याची दखल येथे घेतली पाहिजे. आम्ही खेळण्याचे पैसे घेतो, तुमच्या मुलांना वळण लावण्याचे नव्हे, असे ते म्हणतात. ऐकायला हे रास्त वाटते. मग जाहिरातीत दुधाच्या पेल्याशेजारी, शाळेच्या दप्तरावर आणि बिस्किटाच्या पुड्यावर ते कोणासाठी उभे राहतात?

खेळाडूवर समाजाचे ऋण असते, हे आपल्याकडे नव्याने सांगावे लागू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तिथवर जाण्याचे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. शासनाकडून त्यांची निराशा झाली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, दुकानदारांनी हातभार लावला, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक जिंकून खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकावरून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी जे केले ते मिरवणुकीच्या वर्णनात बहुधा राहून जाते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः त्यांत लढले आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.

चांगुलपणा असाही फिरत राहतो. १९८७ मध्ये मुंबईत उत्कृष्ट कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार हुकल्यामुळे चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर खट्टू झाला होता, तेव्हा सुनील गावसकर यांनी त्याला पत्र पाठवले. यापूर्वीही एकाला हा पुरस्कार मिळाला नव्हता आणि कसोटीत त्याचे काही वाईट झाले नाही, असा त्यात स्वतःकडे निर्देश करणारा मिश्किल दिलासा होता. गावसकरांना त्या पत्रातून काय मिळणार होते? मुलगा पुढे कोण होणार, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

आजच्या आईवडिलांची अडचण मला समजते. लहान मुलाचा पत्ता छापणे आता कोणी करत नाही आणि ते बरोबरच आहे. आज अकरा वर्षांच्या मुलाने असाच प्रश्न समाजमाध्यमावर विचारला, तर घटकेत त्याला सातशे अनोळखी माणसे उत्तर देतील, आणि त्यांतील किती उत्तरे आईने वाचू द्यावीत हा प्रश्नच आहे. अनोळखी माणसापासून सावध राहा, असे आपण मुलांना शिकवतो, शिकवावेही लागते. पण मग मुलाला परक्याचे निरपेक्ष सौजन्य भेटणार कुठे, याचाही विचार घराघरात व्हायला हवा. गावोगावच्या मैदानांवर आजही एखादा निवृत्त कारकून सकाळी साडेपाचला येऊन स्वखर्चाने आणलेला चुना मारतो, खो-खोचे खांब पुरतो, पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावर हळद दाबतो आणि त्याचे आडनावही विचारत नाही. तालमीत, आखाड्यात, संध्याकाळच्या कबड्डीच्या मैदानावर अशी माणसे अजून आहेत. आपली मुले तिथे जातात का, आणि गेली तर आपण त्यांना घ्यायला गाडी घेऊन दारातच उभे राहतो की दहा मिनिटे आत थांबून त्या गृहस्थांना नमस्कार करतो?

तो मुलगा आज पस्तिशी ओलांडून गेला आहे. पुण्यात नोकरी करतो, सामने पाहतो आणि कोणाचेही चित्र लावत नाही. हिंगणघाटचे हातमोजे मात्र त्याच्याकडे अजून आहेत. आता ते बरोबर बसतात, असे त्याने मागील वर्षी दूरध्वनीवर सांगितले.